बोर्डावरचं शिंपण

झडप एकदा उघडली, मिटली, पुन्हा उघडली, आणि मग तिला थांबताच येईना. टेबलावर पुठ्ठ्याचं आणि नायलॉनचं चिमुकलं घर होतं, त्याच्या माथ्यावर तळहाताएवढी झडप, आणि पिंजऱ्याशी मांजर आल्यावर पाखरू फडफडतं तशी ती फडफडत होती. योसेलिन लिमाचीने लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहिलं. सेन्सर म्हणत होता, घरात ऐंशी अंश. मग म्हणाला, उणे बारा. मग त्र्याहत्तर. वर्गात सगळे स्वेटरवर स्वेटर चढवून बसले होते, खिडकीच्या फटीतून एल आल्तोच्या पठारावरचा कोरडा वारा सुरीसारखा आत येत होता, आणि पुठ्ठ्याच्या त्या घरात मात्र एका क्षणी वणवा पेटत होता, दुसऱ्या क्षणी बर्फ पडत होतं. त्यांचे मास्तर, प्रोफे ओब्लितास, टेबलाशी आले. त्यांनी तार उपटली. झडप अर्ध्यावरच राहिली, बोलता बोलता तोंड उघडं राहिलेल्या माणसासारखी. त्यांनी तो निळा बोर्ड दोन बोटांत उचलला, उजेडाकडे धरला, उलटसुलट केला, आणि का कुणास ठाऊक, नाकाशी नेला. हुंगला.

"बिअर," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

मागच्या बाकावरून ग्रोव्हर तिन्ताया बोलला, "प्रोफे, मशीनला चढलीये. झोपू द्या जरा, उतरेल."

वर्ग हसला. योसेलिनही हसली, सगळ्यांच्या मागून, उशिरा, उचकी लागावी तसं. त्या हसण्याचा तिला नंतर किती तरी वेळ राग येत राहिला. कारण वास तिच्याही नाकापर्यंत आला होता, आणि तो वास काही एकट्या बिअरचा नव्हता. त्यात निखाऱ्यावरच्या साखरेचा करपट वास होता, चरबीचा होता, आईच्या शालीतल्या धुराचा होता. महिन्याचा पहिला शुक्रवार, भुईच्या नैवेद्याचा, आख्खाच्या आख्खा त्या बोर्डाला चिकटून शाळेत आला होता, आणि लोक त्याला हसत होते, आणि तीही.

तास संपल्यावर प्रोफेंनी तिला व्हरांड्यात थांबवलं. भला माणूस होता तो. पोरांची नावं चुकवत नसे, आणि घासून गुळगुळीत झालेल्या कोटाच्या खिशात कुणाला लागली तर असावी म्हणून जोडतारा बाळगत असे. आवाज खाली आणून ते म्हणाले, "आईने केलं ना हे?"

तिने बोर्डाची तार बोटाभोवती गुंडाळली.

"मी रागवत नाहीये, लिमाची. माझी आईसुद्धा पोयेराच घालायची, असाच घोळदार घागरा. पहिल्या शुक्रवारी घरात काय काय भिजतं ते मला नको सांगूस. रेडिओ भिजायचा, शिवणयंत्र भिजायचं, माझी सायकल भिजायची." ते जरा हसले, आणि ते हसू त्यांनी लगेच आवरून घेतलं, उंबऱ्याबाहेर आलेलं मांजर आत ओढावं तसं. "पण ऐक. विज्ञान मेळ्याला तंत्रसंस्थेची माणसं येणार आहेत. त्यांच्याकडे आपल्या शाळेसाठी जागा एकच आहे, आणि ती तुला मिळावी असं मला मनापासून वाटतं. तुझा प्रोग्राम चांगला आहे. बोर्ड चालला तर उत्तम, नाही चालला तरी सरळ सांगून टाक. घरी जुन्या वळणाची माणसं आहेत, अडाणी आहेत, त्यांना या वस्तूंची समज नाही, त्यांच्या हातून झालं. बस. अशा गोष्टीनं परीक्षकांना भरून येतं. एवढ्या अंधारातून ही पोर इथवर आली, असं वाटतं त्यांना. कळलं?"

आणि तिची मान हलली.

मिनिबसमध्ये खिडकीशी, पुठ्ठ्याचं घर मांडीवर घेऊन बसली तरी ती मान हलतच होती. म्हणजे बाहेरून नाही; बाहेरून ती अगदी ताठ बसली होती. पण आत, मानेच्या मागच्या त्या खोलगट जागी, जिथून दोन वेण्या फुटतात, तिथे काहीतरी खालीवर, खालीवर. तिने ठरवलं नव्हतं. हो म्हणायचं असं मनात आलंही नव्हतं. मग ही मान कुणाची? शेजारच्या बाईने कोपराने ढोसून विचारलं, "बाहुलीचं घर का ग?" "नाही, लेट्यूसचं," ती म्हणाली. बाईने तिच्याकडे, मग घराकडे, मग पुन्हा तिच्याकडे पाहिलं आणि आपली पिशवी जरा पलीकडे सरकवली. बाहेर विटांची बिनगिलाव्याची घरं मागे पळत होती, अर्धवट मजल्यांच्या लोखंडी सळया आभाळात खुपसलेली, आणि त्या सगळ्यांच्या वर, काही एक घेणंदेणं नसल्यासारखा, बर्फाचा डोंगर. योसेलिनला वाटलं, प्रोग्राममध्ये मान हलवणं नसतं. तिथे एक तर जर असतं, नाही तर नाहीतर. तीस अंशांच्या वर गेलं तर झडप उघड, नाहीतर मिटून ठेव. हे तिचं वाक्य होतं. तिने स्वतः लिहिलेलं, आणि या जगात कुणी तरी बिनबोभाट ऐकलेलं पहिलं वाक्य. घरात तिचं कोण ऐकणार, धाकटे दोघे भाऊ तर नाहीच. शाळेत ऐकून घ्यायचं असतं. साओ पावलोच्या शिवणकारखान्यातून फोनवर बोलणारे बाबा हं हं म्हणतात आणि मागे शिवणयंत्रांचा गडगडाट चाललेला असतो, त्यात तिचं अर्धं बोलणं शिवलं जातं. पण हा निळा तुकडा ऐकायचा. पहिल्यांदा तिने त्याला फक्त दिवा लाव म्हटलं होतं. तोही त्याने लावला नाही, कारण ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला होता. सगळी संध्याकाळ तिने आपल्याच शब्दांकडे टक लावून घालवली. आणि मग ते इवलंसं चिन्ह घातल्याबरोबर दिवा लागला, विझला, लागला, विझला. डोळे मिचकावून म्हणाल्यासारखा, मग तसं सांग ना बाई नीट. त्या दिवसापासून तिला कळलं होतं की हा शहाणा नाही. हा आज्ञाधारक आहे. चुकलेलं सांगितलं तर चुकलेलंच करील, प्राण गेला तरी. त्याच्यावर उपकार करता येत नाहीत, त्याला लाच देता येत नाही, त्याच्याशी गोड बोलून भागत नाही. त्या स्वच्छपणावर तिचा जीव जडला होता.

आणि तरीही तिने त्याच्यावर बिअर ओतली होती. आईने नाही. तिने.

हे वाक्य मनात आल्याबरोबर तिने खिडकीची काच पुसली, जणू कुणी वाचेल. गेल्या वर्षीच्या कडक उन्हात परसातल्या नायलॉनच्या मांडवात, तिच्या आईचा, दोन्या बासिलियाचा, लेट्यूसचा वाफा उकडून गेला होता. आई बाजारात, दोरे-बटणांच्या ठेल्यावर, पोरं शाळेत, आणि इकडे सूर्य डोक्यावर आला, मांडवाची झडप उघडायला कुणी नाही. संध्याकाळी आई आली तर पानं भांड्यातून काढल्यासारखी, मऊ, काळपट. आईने ती एकेक उपटली, दोन ससे होते त्यांना घातली, आणि सशांनीसुद्धा तोंड लावलं नाही तेव्हा तेवढी एकदा म्हणाली, "यांचेही नखरे." तिथून योसेलिनच्या डोक्यात ती झडप बसली. आपोआप उघडणारी, आपोआप मिटणारी, आई दूर असताना आईचा हात होणारी झडप. बाजारातल्या जुन्या सामानाच्या ढिगातून बोर्ड मिळाला, मोडक्या खेळण्यातून मोटर. आणि पहिल्या शुक्रवारी दुपारीच सगळं जमून आलं होतं. सेन्सर खरं बोलू लागला होता. तिने त्याच्यावर आरशावर सोडावा तसा उष्ण श्वास सोडला, आकडा चढला, तीस ओलांडला, झडप उघडली. ती आपल्या जागी बसूनच राहिली होती. ओरडलीही नाही.

तेव्हा परसात आईने निखाऱ्यांवर मेसा, भुईचा नैवेद्य, मांडला होता. रंगीत साखरेच्या वड्या, लोकरीचे धागे, लामाची चरबी, वनस्पतीच्या काड्या. धूर सरळ वर चढला म्हणजे भुईने घेतलं. मग घरातल्या वस्तूंना शिंपायचं. आई पुटपुटत होती, ती दर वेळी पुटपुटते तेच, आजीच्या तोंडचं:

आधी भुईला, मग चुलीला,
मग दारी आल्या पाहुणीला;
तुझंच देणं तुझ्या हाती,
दोन घास राहू दे आमच्या ताटी.

चूल झाली, शिवणयंत्र झालं, ठेल्याची पेटी झाली, मांडवाचे चार कोपरे झाले. आणि योसेलिनला दिसलं की खिडकीतल्या फळीवर बोर्ड एकटा आहे. त्याचा हिरवा दिवा लागलेला. घरात पंगत बसावी आणि नव्याने आलेलं पोर दाराशीच उभं राहावं, तसा. तिची कसली श्रद्धा होती म्हणावं तर तेही नाही. शिंपलं म्हणजे हा नीट चालेल असं तिच्या मनात क्षणभरही आलं नव्हतं. तो कशाने चालतो ते तिला चांगलं ठाऊक होतं. एवढंच की घरात आलेलं काहीच नुसतं विकत घेतलं म्हणून आपलं होत नाही. तिने बोर्ड उचलून परसात आणला, लांब तारेसकट. आई म्हणाली, "हे तुझं. ज्याचं त्यानंच शिंपायचं," आणि बाटली तिच्या हातात दिली. आईने शिंपलं असतं तर फुलाने तीन थेंब. पण योसेलिन त्या दिवशी राणी होती. नवी मिनिबस घेतली की काका लोक करतात तसं तिने बाटलीच्या तोंडावर अंगठा दाबला, गदागदा हलवली, आणि सोडली. फेस. फेसाच्या आतून हिरवा दिवा चमकत राहिला, पाण्याखालच्या काजव्यासारखा. तिने इतकं सुंदर काही क्वचितच पाहिलं होतं. आणि तो चाललाही, तेव्हा. नंतर दोन दिवस खोलीत सुकत पडला, तेवढ्यात साखर चिकटली आणि त्याच्या बारीक बारीक पायांमध्ये आपल्या चोरवाटा करून बसली. तिला हे माहीत असायला हवं होतं. तिला हे माहीतच होतं. ओलं आणि वीज. हे तर पहिल्याच तासाला शिकवतात. माहीत असणं एका खिशात होतं आणि आनंद दुसऱ्या, आणि दोन्ही खिशांत एकाच वेळी हात घालायचं त्या दुपारी तिला सुचलं नव्हतं.

आता प्रोफे म्हणतात, आईवर ढकल. तेही ढकल असं नाही म्हणत, सांग म्हणतात. जणू ते खरंच आहे. पोयेरा घातलेली बाई आणि भिजलेला बोर्ड, दोन्ही शेजारी ठेवले की मधली ओळ कुणी विचारतच नाही, ती आपोआप लिहिली जाते. तिला हेच खुपत होतं. मान हलली ती खोट्यासाठी नाही, सोप्यासाठी. मिनिबसच्या पोऱ्याने तिच्या थांब्याचं नाव घेतलं आणि ती घर छातीशी धरून उतरली, तेव्हा तिला आपलीच मान कुणाच्या तरी उसन्या मानेसारखी जड लागत होती.

परसातल्या मांडवात शिरलं की जग बदलतं. बाहेर वारा ओठ फोडतो, आत ओलसर ऊब, मातीचा आणि हिरवा वास, नायलॉनमधून गाळून आलेला दुधट उजेड. झडपेला काठी लावून ठेवली होती. दोन्या बासिलिया उकिडवी बसून लेट्यूसच्या जुड्या बांधत होती.

"आलीस? दार लाव, ऊब जाते."

योसेलिनने दार लावलं.

"बिघडलं ना ग ते?" आई मान वर न करता म्हणाली. "ग्रोव्हरची मावशी सांगत होती. तिच्या ठेल्यावर दोरा संपेल, बातमी नाही संपायची."

"काय म्हणाली ती?"

"म्हणाली, तुझ्या पोरीचं मशीन पिऊन आलं शाळेत. मी म्हटलं, बापावर गेलं." आई हसली. मग थांबली. "प्रोफे रागावले?"

"नाही. ते म्हणाले," योसेलिन म्हणाली, आणि वाक्य तिथेच राहिलं. पण आईने ते उचललं. कुणाच्या हातून पडलेली सुई उचलावी इतक्या सवयीने.

"मग सांग की माझं नाव. सांग, आई अडाणी, तिला काय कळतं, तिनं ओतलं. माझं काय जातं त्यात? मी थोडीच येऊन बसणार आहे तिथं. तुझी जागा तर राहील."

हे ती जुडी बांधता बांधता म्हणाली. दोरा दातांनी तोडला आणि पुढची जुडी घेतली. आणि योसेलिनच्या लक्षात आलं. प्रोफेंनी जे वाक्य एवढ्या हळुवारपणे, एवढा आवाज उतरवून तिच्या हातात ठेवलं होतं, ते आईकडे आधीपासूनच होतं. तयार. घडी घालून. तिला आठवली बँकेची खिडकी, दवाखान्याचा कठडा, शाळेत नाव घालायला आलेली आई: "मला नाही हो समजत, या पोरीला विचारा." दर वेळी तीच नरम जीभ, तेच थोडं वाकणं, टोपी सावरत तेच हसू. इतकी वर्षं योसेलिनला वाटे, आईला खरंच समजत नाही. आणि हीच बाई बाजारात घाऊकवाल्याला तोंडी हिशेबात उभा-आडवा कापते, मोजपट्टीशिवाय वार मोजते, कुठली बाई बटण परत करायला येणार ते तिच्या चालीवरून ओळखते. तिला समजत होतं. नाही समजत हे ती भाडं म्हणून देत होती. पुढे जाऊ द्या, हे घ्या, मी अडाणी. मिनिबसमध्ये द्यावं तसं. आणि आता मुलीचंही भाडं तीच भरायला निघाली होती.

"तू नाही ओतलंस," योसेलिन म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. मांडवात आवाज घुमत नाही, तो पानांवर पडून राहतो.

"हो ग, नाही ओतलं. पण तिथं बघायला कोण होतं?"

"मी होते."

आईने पहिल्यांदा वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "जीभ बघा पोरीची. कुणाची घेतलीस ही?"

"तुझीच. तू वापरत नाहीस ती."

आता आई हसेल की हातातली जुडी फेकून मारील, हे योसेलिनला कळेना. दोन्हीतलं काहीच झालं नाही. आई उठली, पोयेरावरची माती झटकली आणि म्हणाली, "बरं. मग आता? रडायचंय की करायचंय काही?"

"अल्कोहोल दे मला. शुद्धवालं."

"ते डोंगरांना वाहायचं आहे."

"डोंगरांना या महिन्यात थोडं कमी पडेल."

"मग तूच सांग त्यांना. मी नाही मधे पडत."

म्हणून तिने सांगितलं. परसात उभं राहून, बर्फाच्या डोंगराकडे तोंड करून तिने बाटलीतला एक थेंब भुईवर सोडला आणि मनात म्हटलं, उरलेलं मला लागतंय. मग पायरीवर बसून, जुन्या दात घासायच्या ब्रशने, बोर्डाचे पाय एकेक करून घासले. चरबट पिवळा थर सुटत होता. अल्कोहोल बोटांवर थंड होई आणि बघता बघता उडून जाई, काही मागे न ठेवता. बिअरसारखं नाही. भाऊ येऊन बघून गेले, धाकट्याने विचारलं, "याला आंघोळ का?" ती म्हणाली, "हो, उतरवतेय." बोर्ड उन्हात ठेवला, कडकडीत सुकू दिला, मग तार लावली. हिरवा दिवा लागला. सेन्सर मात्र अजून बरळतच होता. तिने एकेक पाय तपासला. ज्या पायावर सेन्सर जोडला होता तो एकच मेला होता. हिरवट बुरशीसारखं काहीतरी त्याला मुळाशी खाऊन गेलं होतं. तिने सेन्सरची तार त्याच्या शेजारच्या पायावर नेली. प्रोग्राममध्ये एक आकडा बदलला. फक्त एक. पडद्यावर एकोणीस अंश उमटले, आणि ते एकोणीसच राहिले.

बराच वेळ ती त्या एकोणीसकडे बघत बसली. मग आत जाऊन आईला म्हणाली, "मेळ्याला यायचं तू."

"मी? तिथं काय करू येऊन?"

"उभी राहा. आणि चांगली टोपी घाल. लग्नातली."

"लोक काय म्हणतील, टोपी दाखवायला आली."

"म्हणू देत. कडेला नको उभी राहूस, मधे राहा."

मेळा शाळेच्या पटांगणात भरला. ऊन असं होतं की सावलीत थंडी वाजावी आणि उन्हात कातडी करपावी. ओळीने टेबलं, ज्वालामुखी, पाणी गाळायची बाटली, आणि ग्रोव्हरची कचरापेटी, जी कुणी जवळ आलं की झाकण उघडून "आभार" म्हणायची, तेही ग्रोव्हरच्याच आवाजात, त्यामुळे पोरं मुद्दाम पुन्हा पुन्हा जात होती. योसेलिनच्या टेबलाभोवती गर्दी जमली ती परीक्षक आले म्हणून. संस्थेच्या इंजिनियर बाई, केस बारीक कापलेल्या. जिल्ह्याचे एक वयस्क गृहस्थ. आणि त्यांच्या मागे, हात पाठीशी बांधून, प्रोफे ओब्लितास. गर्दीच्या मधोमध तपकिरी गोल टोपी दिसत होती. आई आली होती, आणि मधे उभी होती, सांगितल्याबरहुकूम. योसेलिनने केस सुकवायचा पंखा पुठ्ठ्याच्या घरावर धरला. पंचवीस. अठ्ठावीस. तीस. एकतीस, आणि झडप उघडली. नुसती उघडली, फडफडली नाही. पंखा दूर नेला, आकडे उतरले, झडप मिटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इंजिनियर बाईंनी वाजवल्या नाहीत. त्या वाकून बोर्ड बघत होत्या.

"हा पाय का सोडलास?" त्यांनी नखाने दाखवलं. "इथे कुणीही हाच वापरेल. तू पुढचा घेतलास."

"तो मेलाय, इंजिनियर बाई."

"कशानं?"

प्रोफेंनी घसा साफ केला. छोटासाच आवाज. त्यात काही दटावणी नव्हती, काळजीच होती. योसेलिनच्या तोंडाशी दोन उत्तरं आली. घेतला तेव्हाच तसा होता, जुना माल. हे तर कुणालाच लागणार नव्हतं. आणि दुसरं, प्रोफेंनी दिलेलं. ती अजून काही बोलली नव्हती, पण तिची नजर गर्दीवर गेली, आणि तिने पाहिलं: आईने मान खाली घातली होती. दोन्ही हात शालीत घेतले होते, खांदे जरासे आत ओढले होते. कुणी तिच्याकडे बोट दाखवलं नव्हतं, पण ती बोट दाखवून घ्यायला सिद्ध झाली होती. नाव घे, असं ती टोपी म्हणत होती. मी तयार आहे.

"बिअरनं," योसेलिन म्हणाली. एवढ्या जवळच्या माणसाशी बोलायला लागतो त्याहून खूप मोठ्यानं. "मी ओतली. पहिल्या शुक्रवारी घरात सगळ्यांना शिंपतात. हा आमच्या घरात आला होता, म्हणून यालाही. माझाच आहे, म्हणून माझ्याच हातानं. दोन चुका झाल्या. एक, तार काढली नव्हती. दुसरी, बिअरमध्ये साखर असते. ती सुकली की पायापायांमध्ये वीज झिरपते. मग मी शुद्ध अल्कोहोलनं धुतला. एक पाय गेला, बाकीचे शाबूत आहेत."

कुणी तरी हसलं. मग बरेच हसले. पण हे हसणं वर्गातल्यासारखं नव्हतं. त्यात खूप पोयेरा हलत होत्या, खूप टोप्या. वयस्क गृहस्थांनी हात वर केला.

"मुली, हा विज्ञान मेळा आहे. अशा समजुती आपण घरी ठेवून येतो. चूक कबूल केलीस, चांगलं झालं. आता सगळ्यांसमोर म्हण, पुन्हा करणार नाही."

"करीन," योसेलिन म्हणाली.

"काय?"

"नवा बोर्ड घेतला की करीन. तार काढून, आणि नुसत्या अल्कोहोलनं. ते उडून जातं, मागे काही ठेवत नाही. करून बघितलंय मी."

गृहस्थ प्रोफेंकडे वळले. प्रोफे आपल्या बुटांकडे बघत होते. इंजिनियर बाईंनी लॅपटॉप आपल्याकडे वळवला, प्रोग्राम वरपासून खालपर्यंत वाचला, एका ओळीशी थांबून म्हणाल्या, "ही ओळ बरी लिहिलीस." आणि ते तिघे पुढच्या टेबलाकडे गेले. ऊन आता कानामागे भाजत होतं. तिला आश्चर्य वाटलं, कारण आत, मानेच्या मागे, सगळं शांत होतं. शेतातल्या भुईसारखं शांत, नांगर फिरवून झाल्यावर.

जागा ग्रोव्हरला मिळाली. भोंग्यातून त्याचं नाव आलं तेव्हा तो आधी बावरला, मग कचरापेटीला मिठी मारली आणि ती त्याला आभार म्हणाली. योसेलिनने टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, आणि मनापासून तिला वाईटही वाटत होतं. खूप. आई तिच्याजवळ आली. तिने भोंग्याकडे हनुवटीने दाखवलं.

"गेली?"

"गेली."

"माझं नाव घ्यायला काय झालं होतं तुला?"

"माझं होतं ना. ते घेतलं."

आईने लेकीच्या पाठीवर एक धपाटा घातला, चांगला जोरात, आणि हात तिथेच राहू दिला.

मग आयाबायकांनी पटांगणाच्या मधोमध आपापले रंगीत आगुआयो अंथरले, कापडाला कापड लावून, एक लांब पट्टा झाला, आणि ज्याने जे आणलं ते त्यावर ओतलं. उकडलेले बटाटे, गोठवून वाळवलेल्या बटाट्यांचा काळा चुन्यो, तळलेली इस्पी मासळी, चीज, लाल मिरचीचा ठेचा. कुणाचं काय ते आता ओळखू येईना. लोक भोवती मांडी घालून, गुडघे टेकून, उकिडवे, जसे जमेल तसे बसले. परीक्षकांची गाडी धुरळा उडवत गेली. प्रोफे ओब्लितास फाटकाशी त्यांना निरोप देऊन परत येत होते, कोट हातावर घेऊन, जरा पोक काढून.

"या हो प्रोफे," दोन्या बासिलियाने हाक मारली. "उभ्यानं काय बघता? माझ्या हातचे बटाटे आहेत, विजेचे नाहीत."

ते संकोचले, पण बसले. कुणी तरी त्यांच्या हातात पपईच्या वासाच्या सोड्याचा पेला दिला. ते योसेलिनशी काहीतरी बोलायच्या बेतात होते. एवढं सांगायची काही गरज नव्हती, असंच काहीसं असावं, कारण त्यांच्या कपाळावर ती आठी आली होती. पण आधी तहान. त्यांनी पेला उचलला, ओठांशी नेता नेता जरा तिरका केला, आणि पेल्यातला पहिला घोट, नीट, न सांडता, जसा वर्षानुवर्षं हाताला माहीत असतो तसा, आपल्या बुटाशेजारच्या मातीवर सोडला. मग प्याले.

ओली जागा मातीत चटकन काळी पडली. ते त्या डागाकडे बघत राहिले. मग त्यांनी वर पाहिलं. योसेलिन बघत होती.

"सवय," ते पुटपुटले.

तिने चुन्यो आणि चीज त्यांच्यासमोर सरकवलं. "असू द्या, प्रोफे," ती म्हणाली. "परीक्षक गेले."